मिक्सरमधलं भाज्यांचं सूप : पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

पहिल्यांदा सूप करताना एक चूक जवळजवळ ठरलेली असते. पाणी जास्त पडतं. वरणाला, रश्श्याला पाणी घालायची हाताला सवय असते, त्याच हाताने सूपच्या पातेल्यातही तांब्याभर पाणी ओतलं जातं. मग ते पाणी लपवायला कॉर्नफ्लोअर येतं, साय येते, चीज येतं, आणि भाजीची चव शोधावी लागते. दाट सूपचा दाटपणा भाजीच्या गरातूनच यायला हवा. त्यासाठी शिजवताना पाणी कमी ठेवायचं आणि वाटून झाल्यावर हवं तेवढं वाढवायचं. घट्ट सूप पातळ करायला अर्धा मिनिट पुरतो. पातळ झालेलं घट्ट करायचं तर ते आटवत बसावं लागतं, आणि आटवताना मीठही वर येतं.

सुरुवात लाल भोपळ्यापासून करा. याला कुठे डांगर म्हणतात, कुठे काशीफळ. तो वर्षभर मिळतो, लवकर शिजतो, गाळावा लागत नाही, दूध घातलं तरी फाटत नाही आणि थोडा जास्त शिजला तरी रंग बिघडत नाही. नवशिक्याच्या चुका इतक्या पोटात घालणारी दुसरी भाजी नाही. हे एक सूप दोन-तीनदा हाताखालून गेलं की बाकीची त्याच वाटेने जातात.

लाल भोपळ्याचं सूप, चौघांसाठी

साल आणि बिया काढलेला भोपळा ५०० ग्रॅम (बाजारातून साधारण ६५० ते ७०० ग्रॅमची फोड आणावी लागते), मध्यम कांदा १, लसूण ४ पाकळ्या, आलं अर्धा इंच, लोणी १ मोठा चमचा, तेल १ छोटा चमचा, पाणी ४५० मिलिलिटर, शिवाय बाजूला २०० मिलिलिटर गरम पाणी, मीठ १ सपाट छोटा चमचा, मिरपूड पाव छोटा चमचा, अर्धं लिंबू. छोटा चमचा म्हणजे ५ मिलिलिटरचा, मोठा १५ चा. घरातल्या वाट्या १२० मिलिलिटरपासून २५० पर्यंत कितीही असतात, म्हणून पाणी वाटीने न सांगता मिलिलिटरमध्ये दिलं आहे. आपल्या वाटीत किती मावतं ते एकदा मापून ठेवा, पुन्हा विचार करावा लागत नाही.

भोपळा घेताना कापलेली फोड बघून घ्या. गर गर्द केशरी आणि घट्ट हवा. फिकट पिवळा गर पाणचट निघतो आणि गोडी कमी असते. बियांभोवतीचा धागेदार भाग बुळबुळीत झाला असेल तर फोड शिळी आहे. साल जाड असतं, ते सोलाण्याने निघत नाही. भोपळा पाटावर सपाट बाजूने टेकवा आणि सुरीने वरून खाली साल उतरवा. हातात धरून साल काढायला गेलं की सुरी सटकते.

फोडी दोन सेंटिमीटरच्या, सगळ्या सारख्या करा. लहानमोठ्या असल्या तर लहान विरघळून जातात आणि मोठ्यांचा मधला भाग कच्चा राहतो. तो कच्चा भाग मिक्सरमध्ये वाटला जात नाही, रव्यासारखा कणकण लागतो.

आता परतणं. सूपची चव इथे ठरते, म्हणून इथे घाई नको. जाड बुडाचं तीन लिटरचं पातेलं घ्या, त्यात तेल आणि लोणी मंद आचेवर एकत्र तापवा.  उभा पातळ चिरलेला कांदा आणि चिमूटभर मीठ घालून झाकण ठेवा. मीठ कांद्याचं पाणी बाहेर काढतं आणि कांदा त्याच वाफेत मऊ होतो. दर दोन मिनिटांनी हलवत आठ मिनिटं जाऊ द्या. कांदा काचेसारखा आरपार दिसायला हवा, बोटात धरला तर सहज चिरडायला हवा, आणि कडेला तपकिरी रंग येता कामा नये. भाजीच्या वाटणासाठी आपण कांदा लाल करतो, इथे तो लाल झाला की भोपळ्याची गोडी त्याखाली दबते. उलट, अर्धाकच्चा कांदा वाटला गेला तर उग्र आणि कडसर वास येतो आणि तो नंतर कितीही उकळलं तरी पूर्ण जात नाही. शेवटच्या एका मिनिटात ठेचलेला लसूण आणि आलं घाला. लसूण आधी घातला तर कांदा मऊ होईपर्यंत तो करपतो, आणि करपलेल्या लसणाचा कडूपणा एका पाकळीचासुद्धा पातेलंभर पसरतो.

भोपळ्याच्या फोडी घालून आच मध्यम करा आणि चार-पाच मिनिटं परता. फोडींच्या कडा ओलसर, चकचकीत दिसू लागतील. मग ४५० मिलिलिटर पाणी घाला, शक्यतो गरम. पातेल्यात डोकावून बघा: फोडींची डोकी पाण्याच्या वर दिसत असतील तर पाणी बरोबर आहे, फोडी तरंगत असतील तर जास्त झालं. पातेलं फार पसरट किंवा फार उभट असेल तर माप थोडं बदलतं, अशा वेळी आकड्यापेक्षा ही खूण धरा. उकळी आली की आच कमी करून, झाकण ठेवून १२ ते १५ मिनिटं शिजवा. फोड चमच्याच्या पाठीने दाबली की जराही अडून न बसता दबायला हवी.

कुकरमध्ये करायचं असेल तर परतणं कुकरमध्येच करा, पाणी २५० मिलिलिटर घाला आणि मध्यम आचेवर दोन शिट्या काढा. वाफ आपोआप जाऊ द्या. शिट्टी उचलून वाफ काढली तर दाट रस फसफसून वर येतो आणि झडपेत अडकतो. राहिलेलं पाणी वाटताना घालायचं.

वाटताना

गरम सूप मिक्सरमध्ये घालून झाकण लावणं धोक्याचं आहे. पातं फिरायला लागताच वाफ आणि हवा एकदम फुगते, झाकण उडतं आणि उकळता गर चेहऱ्यावर, हातावर येतो. तो चिकट असल्याने नुसत्या पाण्यापेक्षा जास्त भाजतं. म्हणून पातेलं उतरवून २० मिनिटं थांबा. घाई असेल तर परातीत गार पाणी घेऊन त्यात पातेलं ठेवा आणि हलवत राहा, सात-आठ मिनिटांत काम होतं. बोट बुडवता येईल इतपत कोमट झाल्यावरच भांड्यात घाला, तेही अर्ध्याच्या वर नाही. झाकणाला मध्ये काढता येणारी टोपी असेल तर ती काढून त्या भोकावर घडी घातलेलं फडकं धरा. चटणीचं लहान भांडं सूपसाठी वापरूच नका.

गुळगुळीतपणाचं गुपित क्रमात आहे. झाऱ्याने फोडी आधी भांड्यात काढा, त्यावर फोडी जेमतेम ओल्या होतील इतकाच रस घाला आणि वाटा. आधी कमी वेगावर २० सेकंद, मग जास्त वेगावर मिनिटभर. पाणी जास्त असलं की तुकडे पात्यापुढे पळत राहतात आणि वाटले जात नाहीत. घट्ट गर मात्र पात्यावर पुन्हा पुन्हा येऊन पडतो. एकदा थांबून कडेला चिकटलेला गर खाली ओढा, पुन्हा अर्धा मिनिट फिरवा, आणि मग उरलेला रस घालून एक फेरा द्या. दोन बोटांत थोडं चोळून बघा, कण लागला नाही तर झालं.

हँड ब्लेंडर असेल तर निववत बसावं लागत नाही, पण दांडा स्टीलचा हवा आणि पातेलं खोल हवं. पात्याची वाटी सूपमध्ये पूर्ण बुडाल्यावरच बटण दाबा, आणि बटण सोडून पातं थांबल्यावरच बाहेर काढा. वर उचलताना पातं चालू राहिलं तर सूपची शिंतडं छतापर्यंत जातात. किंचित तिरका धरून तळाशी हळूहळू फिरवा, तीन मिनिटं तरी लागतात. नॉनस्टिक पातेल्यात हा वापरू नका, थर खरवडला जातो.

दोन्हीपैकी काही नसेल तर पुरणयंत्र काढा. भोपळा, गाजर, टोमॅटो, मटार त्यातून छान निघतात, सालं आणि दोरे जाळीवर राहतात. पोत मिक्सरइतका रेशमी येत नाही, थोडा रवाळ राहतो, आणि काही जणांना तोच जास्त आवडतो.

वाटलेलं सूप पुन्हा पातेल्यात ओता. आता ते फेसाळ आणि रंगाने फिकट दिसेल. ती आत गेलेली हवा आहे, घाबरू नका. मंद आचेवर चार मिनिटं उकळलं की बुडबुडे निघून जातात आणि रंग परत गर्द होतो. दाट सूप फुटफुट उडतं, म्हणून झाकण अर्धं ठेवा आणि पळी तळापर्यंत फिरवत राहा. बाजूला ठेवलेल्या २०० मिलिलिटर पाण्यातून थोडं थोडं घालून हवं तेवढं सैल करा. पळी सूपमधून काढून तिच्या पाठीवर बोटाने रेघ ओढा. रेघ दोन-तीन सेकंद तशीच राहिली तर पोत बरोबर आहे. लगेच मिटली तर पातळ, कडा हलल्याच नाहीत तर ते सूप नसून भरीत होईल. वाढेपर्यंत सूप आणखी थोडं आळतं, म्हणून गॅस बंद करताना मनात आहे त्यापेक्षा किंचित सैल ठेवा.

चव शेवटी लावा, आणि एका क्रमाने लावा. आधी मीठ: दिलेल्या चमच्यापैकी पाऊण घालून ढवळा, चाखा, मग उरलेलं. चव तरीही बसकी वाटली तर बहुतेकदा आंबट कमी पडलेलं असतं. लिंबाचे आठ-दहा थेंब पिळा आणि परत चाखा. भोपळ्याच्या सूपमध्ये हा फरक इतका स्पष्ट कळतो की शिकण्यासाठी एका वाटीत लिंबू घालून आणि एकीत न घालता, दोन्ही शेजारी ठेवून चाखून बघावं. गोड सूप लिंबाने आंबट होत नाही, त्याची गोडी उठून दिसते. मिरपूड वाढताना, ताजी कुटून. जास्त उकळली की तिचा वास उडतो आणि नुसता तिखटपणा राहतो.

टोमॅटो

टोमॅटोचं सूप सगळ्यांना सोपं वाटतं, आणि त्यातच सगळ्यात जास्त गोष्टी बिघडतात.

पूर्ण पिकलेले लाल टोमॅटो ७५० ग्रॅम, मध्यम गाजर १, कांदा १, लसूण ३ पाकळ्या, लोणी १ मोठा चमचा, पाणी फक्त १५० मिलिलिटर. टोमॅटो स्वतःच भरपूर पाणी सोडतो. गाजर इथे साखरेचं आणि कॉर्नफ्लोअरचं, दोघांचं काम करतं: आंबटपणा गोलाईत येतो आणि दाटपणाही मिळतो. ते पातळ चकत्या करून कांद्याबरोबरच परतायला टाका, कारण आंबट रसात पडलं की शिजायला फार वेळ लावतं. हे सगळ्याच कडक भाज्यांना लागू आहे. टोमॅटो आणि गाजर एकदम घातलं तर २० मिनिटांनीही गाजर करकरीत राहतं. रंगासाठी बीटचा अंगठ्याच्या पेराएवढाच तुकडा घाला. त्याहून जास्त घातलं तर सूप जांभळट होतं आणि मातकट चव येते.

पातेलं स्टीलचं घ्या. लोखंडी कढईत किंवा बिनकल्हईच्या पितळी भांड्यात टोमॅटो शिजवला तर आंबट रसाने धातूची चव उतरते. साध्या ॲल्युमिनियमचं भांडंही आंबटाला नको.

हे सूप मात्र गाळायलाच हवं, नाहीतर सालांचे गुंडाळे आणि बिया दाताखाली येतात. चहाची गाळणी लगेच तुंबते. मध्यम जाळीची मोठी गाळणी घ्या आणि पळीच्या पाठीने गोल गोल दाबत गर उतरवा. जाळीच्या खालच्या बाजूला चिकटलेला गर चमच्याने खरवडून घ्या, सगळ्यात दाट भाग तिथेच अडकलेला असतो.

दूध किंवा साय घालायची असेल तर फाटण्याची भीती खरी आहे. आंब आणि उष्णता एकत्र आली की दुधातलं केसीन नावाचं प्रथिन गोळा होतं आणि सूपमध्ये पांढरे कण दिसतात. आधी गॅस बंद करा, उकळी पूर्ण बसू द्या. वाटीत दोन-तीन मोठे चमचे ताजी साय नीट फेटून घ्या, तीत पळीभर सूप हळूहळू मिसळा, मग ते मिश्रण पातेल्यात ओता. त्यानंतर पुन्हा उकळू नका. पातळ दुधापेक्षा स्निग्ध साय किंवा क्रीम कमी फाटतं. फाटलंच तर मिक्सरमधून एकदा फिरवून घ्या, कण बारीक होतात आणि खाताना जाणवत नाहीत. आंबटपणा मारायला खायचा सोडा घालतात, तो टाळा. साबणासारखी चव येते आणि टोमॅटोची मूळ चव जाते.

पालक

इथे सगळी लढाई हिरव्या रंगाची. पालक जास्त वेळ तापला की पानातलीच आम्लं हरितद्रव्याचा रंग बदलतात, आणि हिरवं सूप शेवाळी खाकी होतं. झाकण ठेवलं तर ही आम्लं वाफेबरोबर बाहेरही जात नाहीत. म्हणून पालकाचा क्रम उलटा: बाकी सगळं आधी शिजवून घ्यायचं, पालक शेवटी.

एक मोठी जुडी, म्हणजे निवडलेली पानं साधारण २०० ग्रॅम. मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात बुडवून हलवा, दोन मिनिटं थांबा आणि पानं हाताने वर उचलून घ्या. पाणी ओतून दिलं तर तळाला बसलेली माती परत पानांवर येते. असं तीनदा. कांदा-लसूण परतून एक लहान बटाटा (१०० ग्रॅम) पातळ चकत्या करून ५०० मिलिलिटर पाण्यात १२ मिनिटं शिजवा. बटाटा मऊ झाला की पानं घाला, झाकण न ठेवता दोनच मिनिटं, पानं बसली की लगेच उतरवा. आता पातेलं परातीतल्या गार पाण्यात ठेवणं अगदी गरजेचं आहे, नुसतं ओट्यावर निवत ठेवलं तर तेवढ्या वेळातही रंग जातो. वाटून झाल्यावर फक्त गरम करा, उकळू नका. लिंबू पातेल्यात घालायचं नाही, ज्याने त्याने आपल्या वाटीत पिळायचं.

बटाट्याबद्दल एक सावधगिरी. तो मिक्सरमध्ये फार वेळ फिरला की त्यातला स्टार्च सुटून सूप खळीसारखं चिकट आणि लवचिक होतं, आणि मग ते सुधारत नाही. अर्धा लिटर पाण्याला १०० ग्रॅमच्या वर बटाटा नको, आणि फिरवणं ४० सेकंदांत आटपा. बटाटा टाळायचा असेल तर दोन मोठे चमचे मुगाची डाळ धुऊन पाण्यात आधी २० मिनिटं शिजवून घ्या. ती सुंदर मिळून येते, आणि घरात मुगाचं कढण होत असेल तर ही चव ओळखीची वाटते. दोन चमचे उरलेला भातही चालतो.

बाकीच्या भाज्या, थोडक्यात

मटार: ५०० ग्रॅम शेंगांचे निम्म्याहून कमी दाणे निघतात, चौघांना किलोभर शेंगा लागतात. पाच-सहा मिनिटंच उकळा, वाटून गाळा. फ्लॉवर: तुरे हळद-मिठाच्या कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवून अळ्या बघून घ्या. १२ मिनिटांच्या वर शिजवला तर गंधकासारखा वास सुटतो. गाजर: आलं दुप्पट करा आणि शिजायला २० मिनिटं धरा. बीट एकटं नको, त्याच्या निम्मं गाजर घाला.

दुधीबाबत मात्र एक नियम कधीच मोडू नका. चिरण्याआधी दोन्ही टोकांचा छोटा तुकडा कच्चा चाखा. कडू लागला तर थुंकून टाका आणि तो दुधी फेकून द्या. त्या कडूपणामागे कुकुर्बिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात, ती शिजवून जात नाहीत, आणि त्यांनी उलट्या, जुलाब, रक्तस्रावापर्यंत त्रास होऊ शकतो. इतर भाज्यांत मिसळून वाटला तर कडूपणा दबतो, धोका तसाच राहतो.

बिघडलं तर

पाणचट झालं असेल तर झाकण काढून मध्यम आचेवर दहा मिनिटं आटवा, पण मीठ घातलं नसेल तरच. मीठ पडलं असेल तर शिजवलेली भाजी किंवा दोन चमचे भात वाटून घाला. मीठ जास्त झालं तर उपाय एकच, बिनमिठाची तीच भाजी आणि पाणी वाढवणं. बटाट्याची फोड टाकून मीठ ओढलं जातं म्हणतात, पण ती आपल्याबरोबर खारट पाणी तेवढं शोषते, उरलेलं सूप तितकंच खारट राहतं. तळाला लागलं तर ढवळू नका. वरचं सूप अलगद दुसऱ्या भांड्यात ओता आणि चाखा, बऱ्याचदा वास आलेला नसतो. तमालपत्र किंवा दालचिनी घातली असेल तर वाटण्याआधी मोजून बाहेर काढा. वाटलं गेलेलं तमालपत्र घशात टोचतं आणि गाळूनही पूर्ण निघत नाही.

उरलेलं सूप दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. उंच पातेल्यात ते मधून बराच वेळ गरम राहतं, म्हणून पसरट डब्यात काढा. दोन दिवस चांगलं राहतं. साय घालायच्या आधीच उद्याचा वाटा वेगळा काढून ठेवा, फ्रीझरमध्येही बिनसायीचंच टाका, महिनाभर टिकतं. परत गरम करताना चमचाभर पाणी घालून पूर्ण उकळी काढा आणि मीठ पुन्हा चाखा. पालकाचं मात्र त्याच वेळी संपवा, दुसऱ्या दिवशी उकळी काढली की त्याचा हिरवा रंग राहत नाही.